दुसरी ओळ

दांडीवर सकाळी रापण ओढली.
पेडवे कमीच, आणि पेडव्यांत गुंतलेले
सात समुद्री साप.
बाबल तांडेल चिमट्याने एकेक सोडवून
माझ्या बादलीत टाकतो.
"ह्येच्या तोंडात ह्या इख इला खयसून?"
विचारतो, आणि उत्तरासाठी न थांबता
दोर गुंडाळायला जातो.

तोंडातलं नाही, बाबलकाका.
पोटातलं.

या सापाच्या कुळाला दर्या माहीतही नव्हता तेव्हा
पेशीत नक्कल उतरवणाऱ्या कुणा कारकुनाने
डुलकी लागून एकच ओळ दोनदा लिहिली.
ओळ साधी होती: खाल्लेल्यातली चरबी फोड.
कुणी खोडली नाही. चूक पिल्लांत गेली,
पिल्लांच्या पिल्लांत,
एकच हुकूम, दोनदा.

एकीला काम करणं भागच होतं.
तिचं महत्त्वाचं अक्षर हललं की पोट बंद, साप संपला.
दुसरीकडे कोण बघतं?
तिने झिजावं, गळावं, काहीही करावं.
आणि बहुतेक अशा ओळी झिजतातच,
वाळूत उपडी टाकलेल्या होडीसारख्या:
आधी रंग जातो, मग फळ्या,
मग खेकडे राहायला येतात,
मग नुसता आकार उरतो
ज्याला पोरं अजून होडीच म्हणतात.

पण एखादी,
कुजता कुजताच,
जबड्याच्या कडेच्या ग्रंथीत वाचली जाते,
आणि तिथे तिच्या बिघडलेल्या अक्षरांचा
वेगळाच अर्थ लागतो.
पोटात जे चरबी फोडायचं
ते आता शिंगाळ्याच्या अंगात शिरून
त्याचे स्नायू फोडतं.
त्यानंतर तिलाही सुटका नाही.
तिचंही अक्षर आता हललं तर उपास.

हे मी द्वारकेला सांगत होते
मासळीबाजारात, तिच्या पाटीशेजारी उकिडवी बसून.
आडाळ्यावरचा तिचा हात थांबला नाही.
"म्हणजे मी प्वाट," ती म्हणाली,
"आणि तू इख."
गिऱ्हाईक हसलं.
मला हसायला वेळ लागला.

दीड वर्षाचं अंतर आमच्यात,
एकाच ताग्यातले परकर.
मास्तर एकीला हाक मारायचे, उठायची दुसरी.
आई गेली तेव्हा पाटी एकच होती,
ती द्वारकेने उचलली.
ती रोज पहाटे लिलावाला उभी राहिली
म्हणून मला एकदा नापास होता आलं,
कोल्हापुरात विषय बदलता आला,
तीन वर्षं कशाच्याच उपयोगाची नसता आलं.
मला कुजायलाही सवड होती.
निबंधाच्या शेवटी आभार असतात,
तिथे मी फक्त तिचं नाव लिहिलं,
चौथ्या ओळीत, रापणकारांच्या नंतर.

पूर्वी दोघींना दोन्ही यायचं.
आता तिला हिशेब लिहायला लावला
तर अंक उलटे पडतात,
आणि मला सुरमई हातात घेऊन
वजन कळत नाही.
संध्याकाळी ती बोलते, मी मांडते.
एक आजारी पडली की दुकान बंद.

सहा साप मोजले, मापले,
भरतीला परत सोडले.
सातवा जाळ्यातच गुदमरला होता.
मागीलदारी, नारळाखालच्या चिऱ्यावर
माझी सुरी दोनदा घसरली
तेव्हा द्वारका पदर खोचून आली,
मला ढकललं,
आणि एका रेघेत पोट उघडलं.

आत शिंगाळा होता,
डोक्याकडून गिळलेला,
काटे आडवे, शेपटी शाबूत,
तोंडाकडचा भाग विरघळून गेलेला.
दोघी थोडा वेळ बघत राहिलो.

"बरो मोठो होतो," ती म्हणाली.
मग: "हात धुवन घे. राखेन धुव,
साबणान वास जायत नाय."